तळं कुणाच्या बापजाद्यांनी बांधलं

बेहडाटोल्याचं तळं कोणी बांधलं हे बेहडाटोल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. दवनीवाड्याहून गाडीवाटेने दोन कोस आत गेलं की हे गाव लागे. गावाचे तीन टोले, म्हणजे वस्त्या. तळ्याच्या पाळीला लागून ढिवरांचा, मधे पोवारांचा आणि जंगलाच्या अंगाला गोंडांचा. ढिवर तळ्यात मासे धरत, पोवारांच्या बांध्या, म्हणजे भाताची बांधलेली शेतं, वर तळ्याजवळ, गोंडांच्या खाली उतारावर. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस येई, टोपल्या वाहता वाहता एकमेकांच्या बायकांवरून थट्टा करी आणि घरी जाई. कुणाच्या आजाने ही पाळ घातली, हा प्रश्न कुणी विचारलाच असता तर लोकांनी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

पाणी सोडायचं काम पतिरामकडे होतं. तो गावाचा पाणकर. तळ्याच्या पाळीत तुडुम असतो, म्हणजे पाणी सोडायचं दगडी भोक. त्यात बिजाच्या लाकडाचा मांडीएवढा डाट ठोकलेला. तो डाट काढणं, घालणं, आणि सुटलेलं पाणी पाटाने बांधीबांधीत फिरवणं हे पतिरामच्या घराण्यात चालत आलं होतं. वाटपाची रीत मात्र ठरलेली. पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग तिच्या वरच्या, असं करत करत तळ्याजवळच्या बांधीला अखेरीस. कारण पाट लांब, आणि वरच्यांनी आधी तोंड लावलं तर खालच्यांना ओला गाळ तेवढा पाहायला मिळणार. आणि पाणकराची बांधी मुद्दाम पाटाच्या पार शेवटच्या टोकाला ठेवलेली, म्हणजे स्वतःच्या धानासाठी का होईना, तो पाणी टोकापर्यंत ओढून नेईलच. ज्या कुणा शहाण्याने ही रीत पाडली त्याला पतिराम मनातल्या मनात हात जोडत असे. माणसाच्या भलेपणावर त्या शहाण्याने काडीचाही भरवसा ठेवलेला नव्हता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते सदतीस सालच्या निवडणुकीपर्यंत.

उमेदवार होते गोंदियाचे ईश्वरदास वकील. पांढरीशुभ्र टोपी, गोड गळा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. गावात आले आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती अशा माणसाची, ज्याला तिन्ही टोल्यांत खाटेवर बसवतात. असा माणूस एकच होता. पतिराम कोहळी होता, गावात कोहळ्यांचं घर ते एकच, त्यामुळे कुणाच्या भांडणात नाही आणि कुणाच्या पंगतीत नाही. वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पतिरामला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मोठ्या माणसाचा हात खांद्यावर पडला की आपण सगळेच जरा मूर्ख होतो.

सकाळी पोवारटोल्यात सभा झाली. वकील म्हणाले, "भाइयो, ही पाळ पाहतो तेव्हा माझा ऊर भरून येते. तुमचे पूर्वज धारानगरीहून तलवार घेऊन इकडे आले, आणि तलवार ठेवून त्यांनी कुदळ उचलली. हा तलाव पोवारांच्या घामाचा आहे." दुलीचंद पटेल पहिल्या रांगेत होता. त्याची छाती अशी फुगली की बंडीचं बटण बिचारं कसंबसं टिकलं.

दुपारी गोंडटोल्यात. "हे जंगल तुमचं, ही माती तुमची. पाळ टिकत नव्हती, तेव्हा तुमच्या गोंड राजाची मुलगी पाळीवर दिवा घेऊन उभी राहिली आणि परत आली नाही. हा तलाव तिच्या रक्ताचा आहे." धनीरामची म्हातारी आई पदर डोळ्यांना लावून रडली. त्या मुलीचं नाव तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. वकिलांनी सांगितलंही नव्हतं.

दिवस कलताना ढिवरटोल्यात. "ज्याने पाणी ओळखलं त्याचाच तलाव. तुमच्या पुरख्यांनी आधी इथला झरा शोधला, मग बाकीचे आले." सुकराम ढिवर उभा राहून म्हणाला की हे आपल्याला लहानपणापासून आतून वाटतच होतं.

एका दिवसात तेच तळं तीनदा बांधून झालं. पतिराम तिन्ही वेळा तिथेच उभा होता.  वकिलांना छकड्यातून पोचवायला जाताना त्याने विचारलं, "साहेब, एक तलाव तिघाईनं येगयेगळा कसा बांधला जी?"

वकील हसले. रागावले नाहीत, हे सांगायला हवं. म्हणाले, "देखो पतिराम, तू पाणी वाटतो, मी अभिमान वाटतो. ज्याच्या बांधीत जितका मावेल तितका. उद्या हे लोक ताठ चालतील. ते खोटं आहे का?"

"पर बांधला कोनं?"

"तुला माहीत आहे?"

पतिरामला माहीत नव्हतं. "नाई जी," तो म्हणाला.

"मग झालं तर."

एक गोष्ट मात्र पतिरामच्या ध्यानात आली आणि ती त्याला पुढे बरेच दिवस टोचत राहिली. तळी बांधणारी जात म्हणून साऱ्या झाडीपट्टीत नाव घ्यायचं ते कोहळ्यांचं. पण बेहडाटोल्यात कोहळ्यांचं घर एकच, तेव्हा हे तळं कोहळ्यांनी बांधलं असं वकिलांना कुठेच सांगावं लागलं नाही.

मत द्यायचा हक्क तेव्हा थोड्यांनाच होता. पुरेसा सारा भरणारे पोवारांत काही, गोंडांत एक-दोन, ढिवरांत कुणीच नाही. पण मतदानाच्या दिवशी तिन्ही टोले ढोल वाजवत दवनीवाड्याला गेले. ज्यांना मत नव्हतं त्यांनी ज्यांना होतं त्यांना खांद्यावर नेल्यासारखं नेलं. ईश्वरदास निवडून आले. गाव ताठ चालू लागलं, आणि हळूहळू इतकं ताठ झालं की एकाला दुसऱ्याकडे वळून बघता येईना.

त्या उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला पोवारांनी माणसं पाठवली ती देखरेखीला; आपला तलाव म्हटल्यावर टोपली आपण कायले उचलायची. गोंड आले आणि मधेच काम थांबवून दिवेवाल्या मुलीच्या नावाने शेंदूर लावलेल्या दगडापुढे बसले. तो दगड महिन्यापूर्वी तिथे नव्हता. ढिवर आलेच नाहीत. पतिराम आणि त्याची बायको फुलवंता, दोघांनी मिळून जेवढी पडेल तेवढी माती टाकली. "तुमी काऊन मरून राहिले जी?" फुलवंता म्हणाली. "ज्याईचा तलाव त्याईले टाकू द्या." पतिरामने पुढची टोपली भरली. 

पाऊस चांगला झाला म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण पोळा झाला आणि पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. दसरा आला तेव्हा धान निसवायला आलं होतं. या वेळेला एक पाणी मिळालं की लोंब्या भरतात. नाही मिळालं की पोचट राहतात आणि मग घरात गवत येतं, धान येत नाही. तळ्यात पाणी होतं. सगळ्यांना एकदा पुरेल इतकं होतं. पतिराम नेहमीसारखा सकाळी तुडुमापाशी गेला, तर तिथे दुलीचंद पटेल चारसहा पोवारांना घेऊन घोंगडी अंथरून बसला होता.

"यंदा पानी वरून सुटंल, पतिराम," दुलीचंद म्हणाला. "आमच्या बांध्या आदी."

"काऊन जी? रीत त खालून हाये."

"रीत कोनं पाडली? तलाव ज्यानं बांधला त्याले इचारलं होतं का?"

पतिराम काही बोलणार तोच धनीराम गोंडटोल्यातली माणसं घेऊन आला. त्यांच्या हातात काठ्या होत्या. रक्त आमच्या मुलीचं सांडलं, तेव्हा पाणी सोडायचा हुकूम आमचा, असं त्याचं म्हणणं. आणि पाण्यातून सुकराम ओरडत आला की पाणी कुणीच सोडायचं नाही. झरा ढिवरांचा, मासे ढिवरांचे, तळं आटवायचा हक्क कुणाच्या बापाचा नाही.

दिवसभर भांडण झालं. संध्याकाळी तिघांनीही तुडुमावर आपापला पहारा बसवला. पहारा एकमेकांवर. पाणी तळ्यात निवांत पडून राहिलं आणि खाली धान पिवळं पडायला लागलं.

पतिराम दारोदार फिरला. दुलीचंदला म्हणाला, पटेल, वरून पाणी घेतलं तर गोंडांचं धान मरेल. दुलीचंद म्हणाला, ते खरं, वाईट वाटतं, पण हक्क म्हणजे हक्क. धनीरामला म्हणाला, अगा, भांडण राहू दे, धान तुझंच आधी जळणार आहे. धनीराम म्हणाला, जळू दे, मुलीने जीव दिला, आम्ही धान देऊ. सुकरामला म्हणाला, सुकराम, या लोकांचं धान गेलं तर तुझे मासे विकत कोण घेईल? सुकराम बराच वेळ विचार करून म्हणाला की वकीलसाहेबांनी हे सांगितलं नव्हतं. पतिरामला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. ही तीच माणसं होती जी बैल हरवला तर तिन्ही टोल्यांतून कंदील घेऊन निघत. आता प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकेक मेलेला पूर्वज उभा राहिला होता आणि त्याच्या आड जिवंत धान दिसेनासं झालं होतं.

"ज्यानं आग लावली त्यालेच इझवाले सांगा," फुलवंता म्हणाली. रोज ती बांधीवर जाऊन येई आणि येताना एक लोंबी खुडून आणून त्याच्यापुढे ठेवी. त्या बांधीवरच त्यांचं वर्ष होतं.

पतिराम गोंदियाला गेला. वकिलांच्या बैठकीत गादीवर खूप माणसं होती, सगळ्यांच्या खांद्यांवर पाळीपाळीने हात पडत होता. पतिरामने सांगितलं. ईश्वरदासांना खरंच वाईट वाटलं. "अरे रे," ते म्हणाले, "असं नव्हतं व्हायला पाहिजे. मी येतो. मी सांगेन तर ऐकतील."

"तिघाईनं मिळून बांधला, एवढंच सांगा जी. बाकी काई नोको."

"तेच सांगतो."

आणि ते आले. मोटार दवनीवाड्याला ठेवून छकड्याने आले. पाळीवर सगळा गाव जमला, तीन टोले तीन बाजूंना, मधे रिकामी जागा. पतिराम तुडुमाजवळ डाट काढायचा लांब दांडा घेऊन उभा राहिला. वकिलांचं बोलणं संपलं की लगेच डाट काढायचा, पाणी रात्र पडायच्या आत पाटाला लावायचं, आणि दोन दिवसांत टोक गाठायचं, असा त्याचा हिशेब.

ईश्वरदासांनी शब्द पाळला, एवढं त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. ते म्हणाले, "भाइयो, हा तलाव पोवारांनी, गोंडांनी आणि ढिवरांनी एकत्र मिळून बांधला."

कुणी हललं नाही. टाळी नाही, हुंकार नाही. जेवायला बसवून ताटातला लाडू उचलून शेजाऱ्याला वाटावा, तसे लोकांचे चेहरे झाले. दुलीचंद बसल्या जागेवरून म्हणाला, "मंग आमाले तवा तसं काऊन नाई सांगतलं?" मागून धनीरामचा आवाज आला, "आमची पोरगी मेली का नाई मेली, थे सांगा." ढिवरांत कुणीतरी हसलं.

वकिलांनी पुन्हा तेच सांगून पाहिलं, आवाज चढवून. गर्दी त्यांच्या हातून सुटत चालली होती. असं त्यांचं आधी कधी झालं नसावं. त्यांच्या कपाळावर घाम आलेला पतिरामला दिसला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर दांडा घेऊन उभ्या असलेल्या पतिरामवर येऊन थांबली. पतिरामला वाटलं, आता आपल्याला खूण करतील.

"एक बात सांगा," ईश्वरदास हळू आवाजात म्हणाले. सगळे पुढे झुकले. "या तलावाचं पाणी दरसाल सगळ्यांत पहिले कोणाच्या बांधीत जाते?"

 कुणीतरी म्हणालं, "पतिरामच्या."

"कोणाच्या?"

"पतिरामच्या," आता बरेच जण म्हणाले.

"आणि तुडुमाचा डाट कोणाच्या हातात?"

"पतिरामच्या."

"पोवारांचा घाम, गोंडांचं रक्त, ढिवरांचा झरा. आणि पाणी पहिले कोणाला? तुम्ही भाऊ भाऊ भांडत राहिले, तुमचं धान जळत राहिलं, आणि मधे दांडा घेऊन कोण उभा आहे ते पाहा."

पतिरामबद्दलचं यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.  आधी पतिरामला वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. मग म्हणाला, "साहेब, माजी बांदी शेवटी हाये म्हनून," पण त्याचा आवाज त्याच्याच कानापर्यंत पोचला नाही, कारण मधली रिकामी जागा भरून गेली होती. तिन्ही टोले उठले होते आणि एकमेकांत मिसळले होते. दुलीचंद आणि धनीराम दोन आठवड्यांनी एकमेकांशी बोलत होते, तेही गळ्यात गळा घालून. सुकरामने पतिरामच्या हातातला दांडा काढून घेतला. मारलं कुणी नाही. धनीराम तर त्याला बाजूला सारताना म्हणाला, "जरा सरकजो गा पतिराम, लागंल तुले."

डाट निघाला. पाणी सुटलं. लोक नाचले, बायकांनी वकिलांना ओवाळलं. कुणालातरी सुचलं आणि डाटाला फुलांची माळ घालून तो छकड्यात वकिलांच्या पायाशी ठेवण्यात आला. जनतेच्या विजयाची निशाणी. ईश्वरदासांनी तो गोंदियाला नेला आणि पुढे बऱ्याच सभांमधून दाखवला, असं कानावर आलं.

यापुढे पतिरामने तुडुमाजवळ फिरकायचं नाही असं गावाने एकमताने ठरवलं. पहारा होताच, तो आता तिन्ही टोल्यांचा मिळून पतिरामवर बसला. पाट कुणी वळवले नाहीत, कारण वळवायचं काम पाणकराचं आणि पाणकर तर शत्रू. सुटलेलं पाणी वरच्या पोवारांच्या बांध्यांत गुडघाभर भरलं, बांध्यांच्या कडेच्या धुऱ्यांवरून फुटून नाल्याला लागलं आणि नाल्याने जंगलात गेलं. दुलीचंदचं धान आडवं होऊन कुजलं. खाली गोंडांच्या बांध्यांना भेगा पडल्या, त्यांच्याही खाली पतिरामच्या बांधीला. बंद करायचं कुणाच्या मनात आलं तोवर डाट गोंदियात होता, आणि पेंढा कोंबून भोक बुजवलं तोवर तळ्यात गाळ राहिला आणि सुकरामच्या पोटापुरतेही मासे उरले नाहीत. लोक म्हणाले, पतिरामने जाता जाता पाटावर काहीतरी करणी केली असणार.

फुलवंताने बांधीतून शेवटची लोंबी आणली. तिने ती चोळली आणि फुंकर मारली, तर तळहातावर काहीच राहिलं नाही.

दिवाळी झाली, गावजत्रेची मंडई भरली. धान गेलं म्हणून मंडई टाळायची असं झाडीपट्टीत होत नाही. यंदा तर तिन्ही टोल्यांनी मिळून सोंगांची नि नाचगाण्याची एकच दंडार बसवली होती, जे याआधी कधी घडलं नव्हतं. पतिराम जाणार नव्हता. पण दुपारी धनीराम आणि दुलीचंद दोघंही त्याला बोलवायला घरी आले. "चाल ना गा," धनीराम म्हणाला, "तुज्याबिगर मजा नाई." त्यांच्या चेहऱ्यावर राग तर नव्हताच, उलट प्रेम होतं, आणि त्याचाच पतिरामला सगळ्यांत जास्त संताप आला. पण नाही म्हटलं तर करणीचा संशय पक्का होईल, म्हणून तो फुलवंताला घेऊन गेला. लोकांनी सरकून त्याला पुढे बसायला जागा दिली.

दंडार तळ्याचीच होती. सुकराम पाणकर झाला होता, तोंडाला काजळ, पोटाला उशी. तो तुडुमावर बसून एकटाच पाणी पीत होता आणि लोक हसून लोळत होते. पतिराम दात आवळून बघत राहिला. मग ढोलकी थांबली आणि गोंडटोल्यातला एक उंच पोरगा वकील होऊन पुढे आला. आवाज खणखणीत. एका हाताने पोवाराला, दुसऱ्या हाताने गोंडाला धरून, ढिवराला मधे घेऊन तो म्हणाला, "आमचे हात तीन, पर माती एक. आमचं पानी कोन अडवते?"

साऱ्या मंडईच्या अंगावर काटा आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बसलेले मागे वळून रडत एकमेकांना बिलगले. त्यांच्या घरात यंदा शिजवायला हलके भरड कोदो होते, तेही पुरे नव्हते, हे पतिरामला माहीत होतं. कुणाची किती बांधी गेली ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

फुलवंताने त्याला कोपराने ढोसलं. "टाळ्या कायले वाजवून राहिले जी?"

पतिरामने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग डोळे पुसले.

"चांगला बोलला तो," तो म्हणाला.